मुष्टियोद्धा कुठे गेला?

क्रीडाशिक्षक : मेजर, यंदा शाळा उघडली की पोरांना पहिल्या आठवड्यात मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगायची, असं मी ठरवलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुलगा. कोवळ्या वयात फौजेत जातो, ईएमई या फौजेच्या अभियांत्रिकी शाखेत दाखल होतो, मुष्टियुद्धात नाव काढतो आणि १९६४ मध्ये टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रिंगणात उतरतो. दुसऱ्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध होतं. अंगात नऊ गोळ्या शिरतात, त्यातली एक कण्यात कायमची राहते, कमरेखालचं शरीर साथ सोडतं. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवतात. आणि सात वर्षांनी, १९७२ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये हाच माणूस पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम करतो, सुवर्णपदक घेतो. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळायला आपल्याला २००८ पर्यंत थांबावं लागलं, अभिनव बिंद्रापर्यंत. मी पोरांना सांगणार आहे की युद्धानं या माणसाचा खेळ मध्येच तोडला आणि त्याच्याच हाती त्याहून मोठं काही दिलं.

माजी सैनिक : गोष्ट जरूर सांगा, सर. शेवटचं वाक्य तेवढं गाळा. युद्धानं काही दिलं, हे मला मान्य नाही. आपण येलदरीची माणसं. पूर्णा अडवली तेव्हा गावं पाण्याखाली गेली. पुढे त्याच पाण्यावर वीज झाली, परभणी-हिंगोलीकडे कालवे गेले, कोरडवाहू रानं ओलिताखाली आली. सगळं खरं. तरी ज्या म्हातारीचं घर धरणात गेलं तिच्यासमोर बसून, ‘बाई, तुझं घर बुडालं म्हणून तर हे झालं,’ असं म्हणायची माझी जीभ रेटत नाही. नफा एकाच्या वहीत आणि तोटा दुसऱ्याच्या वहीत असला तर बेरीज मांडता येत नाही. पेटकरांच्या बाबतीत दोन्ही एकाच वहीत दिसतं, म्हणून आपण चकतो. १९६५ च्या सप्टेंबरात तो मुष्टियोद्धा वीस वर्षांचा होता. मुष्टियुद्ध करणाऱ्याची खरी वर्षं तिथून सुरू होतात. १९६८ चं मेक्सिको पुढे होतं, १९७२ चं म्युनिक पुढे होतं. तो कुठे गेला? त्याच्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली आहे? हायडेलबर्गचं सुवर्ण आपण त्याच्या जागेवर ठेवून दिलं आणि जागा भरली असं समजलो.

क्रीडाशिक्षक : पण जे सामने झालेच नाहीत त्यांचा निकाल आपण कसा लावणार? ऑलिम्पिकमध्ये मुष्टियुद्धाचं पहिलं पदक भारताला मिळालं तेच मुळी २००८ मध्ये, विजेंदर सिंगच्या रूपानं. साठच्या दशकातला एक फौजी मुष्टियोद्धा मेक्सिकोत पदक घेऊन आला असता असं छातीठोकपणे कोण म्हणेल? अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांना हा नाद फार. टेड विल्यम्स नावाचा त्यांचा फलंदाज. १९४१ मध्ये त्यानं हजारी ४०६ ची सरासरी राखली. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगमध्ये कुणालाही हंगामभर चारशेचा टप्पा गाठता आलेला नाही. मग १९४३, ४४, ४५ हे तीन हंगाम दुसऱ्या महायुद्धात गेले, आणि परत येऊन स्थिरावला तोच कोरियाच्या युद्धासाठी पुन्हा बोलावणं आलं. तिथे त्यानं लढाऊ विमानाच्या ३९ मोहिमा केल्या, १९५२ आणि ५३ चे बहुतेक सामने बुडाले. कारकिर्दीत ५२१ होमरन. चाहते अजून कागद घेऊन बसतात, ती वर्षं मिळाली असती तर किती झाले असते म्हणून. बॉब फेलर या गोलंदाजाचंही तेच. पर्ल हार्बरवर हल्ला होताच तो नौदलात गेला, अलाबामा या युद्धनौकेवर तोफेपाशी राहिला, आणि त्याचे ‘गेलेले’ विजय लोक आजही मोजतात. या हिशेबातून काय निघतं? मला तर ते हळहळ लांबवण्याचं साधन वाटतं.

माजी सैनिक : मला उलट त्या लोकांचा हेवा वाटतो. ते मोजतात तरी. विल्यम्सचे गेलेले हंगाम त्यांच्याकडे लेखी आहेत. पाच वर्षं कुणी घेतली, कशासाठी घेतली, आणि त्याच्या पानावर कुठे कोरी जागा राहिली, हे शाळकरी पोरालाही दाखवता येतं. कोरी जागा कोरीच ठेवायची, यात मोठी इमानदारी आहे. पेटकरांच्या पानावर ती जागाच नाही. तिथे थेट १९७२ आहे.

क्रीडाशिक्षक : हे मानलं. पण पेटकरांचं उदाहरण विल्यम्ससारखं नाही, हेही तुम्ही बघा. विल्यम्स युद्धाआधी जे खेळत होता तेच युद्धानंतर खेळला. पेटकर ज्या स्पर्धेत जिंकले ती स्पर्धाच युद्धातून जन्मली. लुडविग गुटमान नावाचे ज्यू डॉक्टर १९३९ मध्ये नाझींच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला आले. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात त्यांच्याकडे कणा दुखावलेल्या सैनिकांचा कक्ष आला. तोवर अशा जखमींबद्दल फारशी आशा कुणी धरत नसे. पाठीला जखमा व्हायच्या, मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायचा आणि माणूस जायचा. गुटमाननी त्यांना कूस बदलवली, बसवलं आणि खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा जखमींची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. तिथून १९६० चं रोम, १९६८ चं तेल अवीव, आणि मग हायडेलबर्ग, ज्या देशातून गुटमान जीव वाचवून पळाले त्याच देशात. पेटकर तेल अवीवला टेबल टेनिस खेळले होते, चार वर्षांनी पाण्यात उतरले. म्हणजे युद्धानं एक मैदान हिरावलं आणि दुसरं मैदान तयार केलं, असं मी म्हटलं तर ते चूक कसं?

माजी सैनिक : तुम्हीच आत्ता उत्तर दिलंत. मैदान गुटमाननी तयार केलं. पेटकरांना पाण्यात अश्विनीतल्या वैद्यकीय पथकानं उतरवलं. त्यांच्या परदेशवारीला हातभार लावणाऱ्यांत विजय मर्चंट होते. डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचार करणारे, तिकिटाचे पैसे उभे करणारे, आणि स्वतः तो माणूस, जो रोज दोन हातांनी शरीर ओढत होता. श्रेय इतक्यांचं आहे. युद्धानं दिल्या त्या नऊ गोळ्या. सर, मी ज्या पलटणीत होतो तिथे जखमी होऊन गेलेली पोरं पाहिली आहेत. त्यातलं कुणी पोहलं नाही, कुणी पदक आणलं नाही. ती गावी आली आणि ओसरीवर बसली. तुमचं वाक्य खरं मानलं तर त्यांना युद्धानं काय दिलं? की त्यांच्यातच काही कमी होतं म्हणायचं? एका पेटकरांच्या गोष्टीतून नियम काढला की तो नियम बाकीच्यांवर आरोप होऊन बसतो. माझा खरा आक्षेप हा आहे.

क्रीडाशिक्षक : ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि वर्गात सांगताना मी ती ध्यानात ठेवीन. मर्चंटांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून आठवलं, त्यांचीही वर्षं युद्धानंच खाल्ली. १९३६ च्या ऑगस्टनंतर भारत कसोटी खेळला तो थेट १९४६ च्या जूनमध्ये. प्रथम श्रेणीत एकाहत्तरच्या सरासरीनं धावा करणारा फलंदाज, आणि कसोट्या फक्त दहा. विजय हजारे सांगलीचे, पहिली कसोटी एकतिसाव्या वर्षी. पण त्यांच्या बाबतीत युद्ध दूर होतं. मुंबईत पंचरंगी सामने चालू होते, रणजी चालू होती. किंबहुना युद्धामुळे इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत आला, होळकर संघातून खेळला आणि १९४५ च्या अंतिम सामन्यात त्यानं मुंबईविरुद्ध नाबाद २४९ केल्या. म्हणजे युद्ध सगळ्यांना सारखं लागत नाही. कुणाला पलटण घेऊन जाते, कुणाला बॅट घेऊन भलत्याच गावी नेऊन सोडते.

माजी सैनिक : आणि कुणाला परत आणत नाही. हेडली व्हेरिटी भारतात खेळून गेला होता. ज्यानं एका डावात दहा धावांत दहा बळी घेतले तो हाच. १९४३ मध्ये सिसिलीत जखमी झाला आणि इटलीत युद्धकैदी असतानाच वारला. इंग्रजांनी त्याला लपवून ठेवलं नाही, हेही मी म्हणेन. तो कॅप्टन होता आणि आपल्या कंपनीच्या पुढे चालत होता.

क्रीडाशिक्षक : मग मी माझा मुख्य मुद्दा मांडतो. विल्यम्स, व्हेरिटी, कॉम्प्टन, हे सगळे आधी खेळाडू होते, नंतर सैनिक झाले. म्हणून त्यांची कारकीर्द ‘मध्येच तुटली’ असं म्हणता येतं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं आहे. ध्यानचंद १९२२ मध्ये साधे शिपाई म्हणून पलटणीत गेले. हॉकी त्यांना तिथे सापडली. मिल्खा सिंगना धावायला फौजेनं लावलं. आपल्या मराठवाड्यातलाच अविनाश साबळे घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. बारावी झाला आणि पाचव्या महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, सिक्कीमला राहिला. पलटणीच्या क्रॉस कंट्रीत धावायला लागला आणि तिथून तीन हजार मीटर स्टीपलचेस. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यानं. मागच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियावाले नेत होते, ती रांग त्यानं मोडली. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. फौज नसती तर हा मुलगा कुठे असता? मांडव्याच्या रानात किंवा मजुरीवर. पेटकरांना मुष्टियुद्धाचे ग्लोव्ह्ज कुणी दिले? फौजेनं. टोकियोचं तिकीट कुणी दिलं? फौजेनं. मग जिनं दिलं तिनं घेतलं, असं म्हणायचं का? जी कारकीर्द फौजेशिवाय सुरूच झाली नसती ती फौजेमुळे तुटली, हे वाक्य मला नीट उभंच करता येत नाही.

माजी सैनिक : हा मुद्दा जड आहे, सर. मी स्वतः खेळाच्या मैदानावर पहिल्यांदा पोटभर दूध प्यालो ते फौजेत. त्यामुळे मला नाही म्हणता येत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. फौज आणि युद्ध एक नाही. साबळेला घडवलं ते शांततेच्या काळातल्या फौजेनं. रोजचा शिस्तीचा दिनक्रम, पोटभर जेवण, पगार, बूट, प्रशिक्षक, आणि आपला जवान जिंकावा म्हणून जीव टाकणारे अधिकारी. सियाचीनची थंडी त्याच्या छातीला उपयोगी पडली असेल, नसेलही. पण तिथे त्या काळात काही घडलं असतं तर आज आपण त्याचं नाव घेत नसतो, आणि आपलं काही हुकलं हेही आपल्याला कळलं नसतं. जी कारकीर्द सुरू होण्याआधी तुटते तिचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा? पेटकर निदान टोकियोपर्यंत पोहोचले होते. ज्यांचं टोकियो यायचं होतं त्यांचं काय?

दुसरी गोष्ट. कुणाची कारकीर्द तुटली की जोडता येते, हे खेळावर आहे आणि हुद्द्यावरही आहे. हेमू अधिकारी पुण्यात जन्मले, बडोद्याकडून खेळले, फौजेत अधिकारी झाले, सेनादलाच्या संघाकडून रणजी खेळले. महायुद्धामुळे कसोटी उशिरा, आणि पुढे नोकरीमुळे अधूनमधून. बारा वर्षांत एकवीस कसोट्या. १९५९ च्या फेब्रुवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीला त्यांना बोलावून कर्णधार केलं, त्या मालिकेतला चौथा कर्णधार. एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांनी ६३ आणि ४० केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित ठेवला. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली तेव्हा व्यवस्थापक तेच होते. हे शक्य झालं कारण फलंदाज चाळिशीलाही उभा राहू शकतो आणि लेफ्टनंट कर्नलच्या दारात निवड समिती जाते. मुष्टियोद्ध्याला ती सोय नाही. धावणाऱ्याला तर नाहीच. आणि शिपायाच्या दारात कोण जातं?

क्रीडाशिक्षक : पेटकरांच्या दारात गेले की. २०१८ मध्ये पद्मश्री. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा मोठा हिंदी चित्रपट. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार.

माजी सैनिक : वजाबाकी करा. १९७२ ते २०१८, शेहेचाळीस वर्षं. अर्जुन मिळाला तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती. गोळ्यांनी त्यांचं मुष्टियुद्ध एका दिवसात थांबवलं. पोहणाऱ्या पेटकरांना मात्र आपण जवळजवळ अर्धं शतक थांबवून ठेवलं, आणि समोर शत्रू कुणी नव्हता. भारताला पॅरालिम्पिकचं दुसरं सुवर्ण मिळालं २००४ मध्ये, देवेंद्र झाझरियामुळे. मधली बत्तीस वर्षं कोणकोणते अपंग जवान, कोणती अपंग पोरं या गोष्टीवाचून वाढली असतील? जिंतूरच्या एखाद्या पोलिओ झालेल्या पोराला १९८० मध्ये कुणी सांगितलं असतं, बाळा, सांगलीकडचा एक माणूस नुसत्या हातांनी पोहून जगात पहिला आला, तर? युद्ध थांबवणं माझ्या-तुमच्या हातात नव्हतं. हे सांगणं होतं. म्हणून कारकीर्द युद्धानं तोडली म्हणताना माझी जीभ अडते. तिथे अर्धा दोष आपण शत्रूच्या नावावर लिहून मोकळे होतो.

क्रीडाशिक्षक : मग तर गोष्ट सांगायलाच हवी, जास्तच सांगायला हवी.

माजी सैनिक : सांगाच. मी कधी नको म्हणालो?

क्रीडाशिक्षक : पण ती ऐकून पोरगं काय करतं, तिथे माझी अडचण आहे, आणि ती आता तुमच्यापुढे ठेवतो. माझ्याकडे अकरावीला एक मुलगा आहे. पहाटे धरणाच्या रस्त्यावर पळतो. गावातली बाकीची पोरं भरतीसाठी पळतात, सोळाशे मीटरची वेळ बसली की थांबतात. हा थांबत नाही. त्याला लांब पळण्यात काही सापडलं आहे, हे मला त्याच्या चालीवरून कळतं. वडील ऊसतोडीला जातात. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मुलांना घेतात ते आठ ते चौदा या वयात, तो दरवाजा त्याच्यासाठी बंद झाला. अकादमीची फी परवडत नाही. राहिली ती साबळेची वाट, म्हणजे आधी पलटण, मग मैदान. आणि आता ती वाटही बदलली. २०२२ पासून अग्निवीर. साडेसतरा पूर्ण झाल्यावर आत, चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. तो अठराव्या वर्षी गेला तर बाविसाव्याला बाहेर येईल. लांब पल्ल्याच्या धावपटूचा पाया याच चार वर्षांत पडतो. या चार वर्षांत पलटणीनं त्याला मैदानावर ठेवलं तर साबळे होईल. चौकीवर ठेवलं तर नाही होणार. आणि युद्ध झालं तर काय, ते तुम्ही सांगितलंतच. आता मला सांगा, मी त्याला पेटकरांची गोष्ट सांगू, आणि भरतीचा फॉर्म भरायला लावू, की गोष्ट सांगून फॉर्मपासून लांब ठेवू?

माजी सैनिक : मी कुणाला फौजेत जाऊ नको म्हणणार नाही. मी गेलो, आणि त्याच वयाचा झालो तर पुन्हा जाईन. सीमेवर कुणीतरी उभं राहायचंच आहे. माझं म्हणणं इतकंच की जाताना त्याला आकडा खरा सांगा. त्याला वाटेल की फौजेत गेलो की धावपटू होतो. तुम्ही म्हणा, फौजेत गेलास की सैनिक होतोस. धावपटू होशील की नाही हे तुझा सुभेदार, तुझी पोस्टिंग आणि त्या वर्षीचा शेजारी देश मिळून ठरवतील.

क्रीडाशिक्षक : सतरा वर्षांच्या पोराला हे सांगून तो काय ठरवणार? त्याच्यापुढे दोन वाटा असत्या तर खरा आकडा उपयोगाचा. एकच वाट असताना तिच्यावरचे खड्डे मोजून दाखवणं म्हणजे त्याचं धैर्य काढून घेणं. पेटकर जाताना त्यांना कुणी खरा आकडा सांगितला होता? सांगितला असता तर ना टोकियो झालं असतं, ना हायडेलबर्ग.

माजी सैनिक : ना नऊ गोळ्या.

क्रीडाशिक्षक : हो, ना नऊ गोळ्या. पण मग पेठ इस्लामपूरचा तो मुलगा काय झाला असता, हेही तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तुम्ही मघाशी म्हणालात, कोरी जागा कोरी ठेवायची. या बाजूचीही ठेवा.

माजी सैनिक : ठेवतो. मग गोष्ट अशी सांगा. टोकियोपाशी थांबा. पोरांना विचारा, हा पुढे काय होईल? कुणी म्हणेल ऑलिम्पिकला जाईल, कुणी म्हणेल गावी तालीम काढील. त्यांना बोलू द्या, पूर्ण तास बोलू द्या. त्या दिवशी १९६५ सांगू नका. तो मुष्टियोद्धा त्यांना एक दिवस तरी आपला वाटला पाहिजे, पोहणाऱ्याची पहिली पायरी म्हणून नव्हे, स्वतःचा म्हणून. दुसऱ्या दिवशी युद्ध सांगा, आणि तिसऱ्या दिवशी पाणी.

क्रीडाशिक्षक : आणि दुसऱ्या दिवशीच तो पळणारा मुलगा उठून मला विचारील, ‘सर, मग मी फॉर्म भरू का?’ तिसऱ्या दिवसापर्यंत तो थांबणार नाही. भरतीची तारीख तर मुळीच थांबणार नाही.

माजी सैनिक : त्याला माझ्याकडे पाठवा.

क्रीडाशिक्षक : पाठवीन. पण तुम्ही त्याला काय सांगाल?

माजी सैनिक : ते मला अजून ठरवता आलेलं नाही, सर. त्याच्याबरोबर चार-आठ दिवस धरणाच्या रस्त्यावर पळून बघतो. त्याची वेळ काय बसते, ती आधी मला माझ्या डोळ्यांनी पाहू द्या.